प्रकाशप्रेरित अतिसंवाहकता : एका प्रमाणाचा इतिहास

इ. स. १९८७ च्या पहिल्या तीन महिन्यांत ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकाच्या अठ्ठावन्नाव्या खंडात दोन निबंध काही आठवड्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. पहिला पुणे विद्यापीठातील पाटील, फासे, घैसास, कानेटकर, ओगले, भिडे प्रभृती संशोधकांचा असून, पाण्यात बुडविलेल्या लोखंडावर लेसरचे स्पंद सोडले असता त्याच्या पृष्ठभागी काय घडते याचे विवेचन त्यात होते. दुसरा अमेरिकेतील वू, चू इत्यादींचा. यिट्रियम, बेरियम आणि तांबे यांच्या संयुक्त ऑक्साइडात ९३ केल्व्हिनच्या आसपास अतिसंवाहकता प्रकट होते, असे त्यात जाहीर केले होते. दुसऱ्या निबंधाने सारे विज्ञानजगत् ढवळून निघाले, हे सर्वश्रुतच आहे. पहिला त्या गदारोळात मोजक्या तज्ज्ञांपुरता राहिला. द्रवात लेसरच्या योगे अतिसूक्ष्म कण निर्माण करण्याचे जे तंत्र पुढे रूढ झाले, त्याच्या आरंभीच्या कार्यांपैकी एक म्हणून आज त्याचा उल्लेख केला जातो.

या दोन निबंधांचा परस्परांशी त्या वेळी काहीही संबंध नव्हता. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय नेमका त्या दोहोंच्या संगमावर येतो. प्रकाशाच्या क्षणिक आघाताने पदार्थाला त्याच्या नेहमीच्या समतोलात कधीही न लाभणारी प्रावस्था प्राप्त करून देता येते, हे पुण्याच्या प्रयोगाने एका पदार्थापुरते दाखवून दिले. ती प्रावस्था अतिसंवाहकतेची असू शकेल काय, हा प्रश्न पुढे चोवीस वर्षांनी विचारला गेला आणि तो बहुतांशी तांब्याच्या ऑक्साइडांवरच विचारला गेला. त्याचे उत्तर काय, याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न असा की, ते उत्तर खरे आहे हे ओळखावे कशावरून? माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे.

पुण्याच्या प्रयोगाचे स्वरूप थोडे विस्ताराने पाहणे इष्ट होईल. रुबी लेसरचा स्पंद काही नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्या काही पट इतकाच काळ टिकतो. पाण्याखाली ठेवलेल्या लोखंडाच्या पत्र्यावर तो पडला की पृष्ठभागाचा एक अत्यंत पातळ थर वितळतो, लगतच्या पाण्याची वाफ होते, प्रचंड दाब उत्पन्न होतो व तप्त लोखंडाचा ऑक्सिजनाशी संयोग घडतो. स्पंद ओसरताच खालचा थंड धातू आणि वरचे पाणी ही दोन्ही उष्णता शोषून घेतात. तापमान इतक्या वेगाने उतरते की, अणूंना आपापल्या समतोलातील जागा शोधण्यास अवसरच मिळत नाही. परिणामी जी ऑक्साइडे तयार होतात त्यांत मितस्थायी प्रावस्था, म्हणजे नियमाप्रमाणे टिकू नयेत पण वाट न सापडल्यामुळे टिकून राहिलेल्या प्रावस्था, आढळतात. वि. गो. भिडे हे म्योसबावर वर्णपटविज्ञानाचे जाणकार. लोखंडाचा अणू कोणत्या परिसरात बसला आहे हे सांगण्यात या पद्धतीचा हात धरणारी दुसरी पद्धत क्वचितच असेल, आणि या प्रयोगातील पदार्थ लोखंडच असल्यामुळे तिचा येथे पुरेपूर उपयोग झाला.

या प्रयोगातील एक गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. लेसरचा स्पंद संपला, पत्रा पाण्यातून काढला, पुसला, आणि त्यानंतर हवा तितका वेळ त्याचे परीक्षण केले. प्रकाशाने जे घडविले ते प्रकाश गेल्यावरही हाती राहिले. प्रकाशप्रेरित अतिसंवाहकतेच्या संशोधकांना ही सोय नाही. त्यांची प्रावस्था स्पंदाबरोबर जन्मते आणि बहुधा काही पिकोसेकंदांत, म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागाच्या काही पट काळात, नाहीशी होते. तिची ओळख पटवायची ती तेवढ्याच अवधीत.

अतिसंवाहकतेची ओळख मुळात तरी कशी पटते? १९११ साली लायडन येथे कॅमर्लिंग ओन्नेस यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा विद्युत् रोध ४.२ केल्व्हिनजवळ एकाएकी मोजमापाच्या पलीकडे गेला. तेव्हापासून बावीस वर्षे ‘रोध शून्य’ हीच अतिसंवाहकतेची व्याख्या होती. १९३३ मध्ये माइसनर व ओक्सेनफेल्ड यांनी बर्लिन येथे दाखवून दिले की, अतिसंवाहक आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटतो. या शोधाचे महत्त्व विद्यार्थ्यांच्या ध्यानात पुष्कळदा उशिरा येते. केवळ शून्य रोध असलेला, परंतु अन्यथा सामान्य असा एखादा आदर्श संवाहक कल्पिला, तर तो आपल्यातील क्षेत्र आहे तसे गोठवून ठेवील. चुंबकीय क्षेत्रात असताना थंड केला तर क्षेत्र आतच राहील. अतिसंवाहक मात्र असलेले क्षेत्रही बाहेर काढतो. म्हणजे तो केवळ उत्तम संवाहक नव्हे. ती स्वतंत्र प्रावस्था आहे. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या युग्मांवर आधारलेला जो सिद्धांत मांडला, त्याला ही दोन्ही लक्षणे एकत्र उलगडून दाखविता आली म्हणूनच तो सर्वमान्य झाला.

आपल्या प्रदेशात ही कसोटी किती कठोरपणे लावली गेली आहे, याची दोन उदाहरणे येथे देण्याजोगी आहेत. ती प्रकाशासंबंधीची नाहीत, परंतु पुढील वादाचे मर्म समजण्यास त्यांचा उपयोग होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नागराजन, मजुमदार, गुप्ता, विजयराघवन प्रभृतींना १९९३ च्या सुमारास यिट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या मिश्रणात १२ केल्व्हिनजवळ अतिसंवाहकतेचे चिन्ह दिसले. निकेल हा चुंबकीय वृत्तीचा धातू. त्याच्या संयुगात ही अवस्था अपेक्षित नव्हती. नमुन्याचा अल्प अंशच अतिसंवाहक असावा, असे मोजमाप सांगत होते. तेव्हा रोध नाहीसा झाला एवढ्यावर समाधान न मानता त्यांनी तो अंश कशाचा आहे याचा माग काढला आणि चौथे मूलद्रव्य कार्बन हे त्याचे रहस्य असल्याचे ठरविले. १९९४ मधील त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच अतिसंवाहकता नमुन्याच्या ‘समग्र घनभागात’ आहे, असा दावा केलेला आहे. तो शब्द फुकट आलेला नाही. पातळ तंतूसारखा एखादा धागादेखील विद्युत् प्रवाहाला मार्ग देऊन रोध शून्य दाखवू शकतो. क्षेत्र बाहेर लोटण्याचे काम मात्र धाग्याने होत नाही.

दुसरे उदाहरण त्याच संस्थेतील बिस्मथचे. शुद्ध बिस्मथचा स्फटिक ०.५३ मिलिकेल्व्हिनच्या खाली अतिसंवाहक होतो, असे रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध केले. इतक्या नीच तापमानाला नमुन्यातून प्रवाह सोडणे म्हणजे तो तापविणेच होय. म्हणून त्यांनी पुरावा म्हणून चुंबकीय क्षेत्राचे निष्कासन पुढे ठेवले, आणि पृथ्वीच्या क्षेत्राहूनही कितीतरी दुबळ्या अशा काही मायक्रोटेस्ला क्षेत्राने ही अवस्था मोडते हेही दाखविले. दोन्ही प्रसंगी अंतिम शब्द १९३३ च्या कसोटीचाच होता.

आता प्रकाशाकडे वळू. आरंभी प्रकाश हा अतिसंवाहकतेचा वैरीच मानला जाई, आणि त्यास सबळ कारण होते. शिशातील एक इलेक्ट्रॉन-युग्म मोडण्यास जेवढी ऊर्जा लागते तिच्या सहाशेहून अधिक पट ऊर्जा तांबड्या प्रकाशाच्या एका पुंजात असते. १९७१ मध्ये टेस्टार्डी यांनी शिशाच्या पातळ पटलांवर लेसरप्रकाश टाकून त्यांची अतिसंवाहकता नष्ट होते असे दाखविले. आणि केवळ तापण्याने हा परिणाम पुरता समजावून देता येत नाही, हेही नोंदविले. निबंधाच्या नावातच ‘विनाश’ हा शब्द होता.

गंमत अशी की, याच्या पाच वर्षे आधी याच्या उलट निष्कर्ष निघालेला होता, पण तो दुसऱ्या जातीच्या किरणांविषयी. १९६६ मध्ये वायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कथिलाच्या चिंचोळ्या पटलांवर सूक्ष्मतरंग सोडले, तेव्हा त्यांतून रोधाविना वाहू शकणारा प्रवाह वाढला. पुढल्याच वर्षी डेएम व वीगँड यांना स्वतंत्रपणे तसेच आढळले. किरणोत्सर्गाने अतिसंवाहकता बळावते ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. एलियाशबर्ग यांनी १९७० मध्ये तिची उपपत्ती दिली. सूक्ष्मतरंगांचा पुंज इतका अल्पशक्तीचा असतो की, तो युग्म मोडू शकत नाही. परंतु आधीच मोडून सुट्या झालेल्या कणांना तो वरच्या ऊर्जेच्या पायऱ्यांवर ढकलतो. युग्मबंधाला सर्वांत जास्त अडथळा खालच्या पायरीवर गर्दी करून बसलेल्या कणांचाच असतो. ती गर्दी पांगली की बंध घट्ट होतो. जत्रेत देवळाच्या दाराशी अडलेली माणसे बाजूला केली की आत-बाहेर चालू लागावे, तसा हा प्रकार आहे. मात्र ध्यानात ठेवावे की, या साऱ्यांत आधीपासून असलेली अतिसंवाहकता थोडी वृद्धिंगत होत होती; नसलेली उत्पन्न होत नव्हती. शिवाय किरण अखंड चालू असल्यामुळे प्रवाह व रोध नेहमीच्या साधनांनी स्वस्थपणे मोजता येत होते, म्हणून प्रमाणाविषयी वाद माजला नाही.

१९८७ नंतर लेसर आणि अतिसंवाहक यांची गाठ पडली ती वेगळ्याच नात्याने. वेंकटेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी अमेरिकेत लेसरच्या स्पंदांनी यिट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडाची वडी उडवून तिचे पातळ पटल दुसऱ्या स्फटिकावर बसविले. पुण्याच्या गटातील सतीशचंद्र ओगले यांचे पुढील बरेचसे कार्य याच तंत्राच्या क्षेत्रातील असून त्यांचा वेंकटेशन यांच्याशी दीर्घकाळ सहयोग राहिला. येथे लेसर कारागीर होता. पटल तयार झाले की त्याचे काम संपले. प्रकाश स्वतःच अतिसंवाहकतेचा कर्ता होण्यास आणखी दोन साधने हवी होती : शंभरएक फेम्टोसेकंदांचे शक्तिशाली स्पंद, आणि ते दृश्य प्रकाशाऐवजी अवरक्त पट्ट्यात निर्माण करण्याची हातोटी. पहिल्याचा मार्ग स्ट्रिकलंड व मूरू यांनी १९८५ मध्ये शोधलेल्या स्पंद-विवर्धनाच्या पद्धतीने खुला झाला. तिच्यासाठी त्यांना २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या साधनाचे महत्त्व असे. दृश्य प्रकाश इलेक्ट्रॉनांवर आदळतो व त्यांना तापवितो. अवरक्त प्रकाशाची कंप्रता मात्र स्फटिक-जालकातील अणूंच्या कंपनांशी जुळते. योग्य कंप्रता निवडली तर इलेक्ट्रॉनांना फारसा धक्का न लावता एका ठराविक बंधालाच झोके देता येतात. कावालेरी यांचा गट, प्रथम ऑक्सफर्ड व नंतर हॅम्बुर्ग येथे, याच मार्गाने गेला. २०११ मध्ये फाउस्ती, कावालेरी आणि सहकाऱ्यांनी लँथॅनम, युरोपियम, स्ट्राँशियम व तांबे यांचे एक ऑक्साइड निवडले. त्याच्या जवळच्या भाईबंदांत अतिसंवाहकता आहे, पण या रचनेत विद्युत्भाराचे पट्टे पडून ती दबून गेलेली असते. १६ मायक्रॉन तरंगलांबीच्या स्पंदाने तांबे-ऑक्सिजन बंधाला हलविताच, १० केल्व्हिन तापमानाला, एक-दोन पिकोसेकंदांच्या आत नमुन्याच्या परावर्तनात एक विशिष्ट कडा उमटली. थरांच्या आरपार अतिसंवाहक युग्मे जोसेफसन-पद्धतीने ये-जा करू लागली म्हणजे अशीच कडा उमटते.

२०१४ मध्ये यिट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडाच्या ऑक्सिजन-न्यून प्रकारात हीच खूण क्रांतिक तापमानाच्या कितीतरी वर, नेहमीच्या खोलीच्या तापमानापर्यंत, दिसल्याचे त्याच गटाने नोंदविले. क्ष-किरण लेसरच्या साहाय्याने त्या क्षणी स्फटिकाची रचनाही पाहण्यात आली. अणूंच्या अंतरांत पिकोमीटरच्या पटीत बदल झालेला आढळला. २०१६ मध्ये मित्रानो व इतरांनी पोटॅशियम-फुलरीन या सर्वस्वी निराळ्या पदार्थाकडे मोर्चा वळविला. साठ कार्बन अणूंच्या प्रत्येक चेंडूमागे तीन पोटॅशियम अणू असलेला हा पदार्थ एरव्ही २० केल्व्हिनच्या खालीच अतिसंवाहक असतो. स्पंदाने उत्तेजित केल्यावर १०० केल्व्हिनपर्यंत तशी लक्षणे त्यात दिसली. २०२१ मध्ये अधिक दीर्घ स्पंद वापरून तीच अवस्था कित्येक नॅनोसेकंद टिकविली गेली, आणि तिच्यातून प्रत्यक्ष विद्युत् प्रवाह सोडून रोध अत्यल्प असल्याचे मोजण्यात आले. २०२३ मध्ये सुमारे १० टेराहर्ट्झ कंप्रतेला शंभरपट कमी प्रकाशात तोच परिणाम साधला.

येथवरचा वृत्तांत वाचून उत्साह वाटणे साहजिक आहे. परंतु वरील बहुतेक पुरावा परावर्तनाचा आहे, हे विसरता कामा नये. उत्तेजक स्पंदामागोमाग एक दुर्बल परीक्षक स्पंद पाठवायचा, तो कसा परततो ते पाहायचे, आणि त्यावरून गणिताने संवाहकता काढायची, अशी ही पद्धत. तिच्यात दोन अडचणी आहेत. पहिली तात्त्विक. परीक्षक स्पंद जितका काळ पाहतो त्याहून अधिक काळ इलेक्ट्रॉन अडखळल्यावाचून धावत असतील, तर त्या स्पंदाला साधा पण फार उत्तम संवाहक आणि अतिसंवाहक यांतील भेद कळणारच नाही. म्हणजे १९११ ते १९३३ या काळातील संदिग्धताच नव्या वेषात पुन्हा उभी राहिली. दुसरी अडचण व्यावहारिक आणि कदाचित अधिक घातक. उत्तेजक प्रकाश पृष्ठभागाखाली जेथवर शिरतो त्याच्या कितीतरी पट खोल परीक्षक किरण शिरतो. तेव्हा परतलेल्या किरणात उत्तेजित पापुद्रा आणि खालचा अस्पर्श पदार्थ या दोहोंचा वाटा मिसळलेला असतो, आणि तो वेगळा काढण्यासाठी उत्तेजना खोलीनुसार कशी घटत जाते याविषयी काहीतरी गृहीत धरावे लागते.

नेमक्या याच गृहीतावर कॅनडातील डॉज, लोपेझ व साहोता यांनी २०२३ मध्ये बोट ठेवले. प्रकाश प्रखर झाला की त्याचा परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही, तो संपृक्त होतो; मग खोलीनुसार होणारी घट पूर्वी मानली तशी राहत नाही. ही संपृक्तता हिशोबात धरली तर पोटॅशियम-फुलरीनची तीच मोजमापे अतिसंवाहकतेवाचूनही उलगडतात आणि तिचा भास केवळ विश्लेषणातून उत्पन्न होतो, असा त्यांचा दावा होता. त्यांनी नवा पदार्थ आणला नाही की नवे यंत्र उभारले नाही. उपलब्ध आकड्यांचाच निराळा अर्थ लावला. आपल्याकडील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मूळ निबंधांच्या जोडीने हा निबंधही अवश्य वाचावा, असे सुचवावेसे वाटते. महागडी सामग्री हाताशी नसतानाही एखाद्या प्रश्नाच्या मध्यभागी कसे शिरता येते याचा तो उत्तम नमुना आहे. तथापि २०२१ मधील प्रत्यक्ष रोधमापनाचा निकाल एवढ्याने लागत नाही, हेही तितकेच खरे. ते मापन परावर्तनाच्या गणितावर अवलंबून नव्हते.

वादाला वेगळे वळण मिळाले ते २०२४ मध्ये. हॅम्बुर्गच्या गटातील फावा व सहकाऱ्यांनी यिट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडाचा नमुना आधीच चुंबकीय क्षेत्रात ठेवला आणि त्याला लागून गॅलियम फॉस्फाइडाचा पातळ स्फटिक बसविला. चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवणप्रतल फिरते, हा फॅरडे यांनी १८४५ मध्ये लावलेला शोध. त्याचाच आधार घेऊन त्यांनी स्फटिकातून अतिलघु स्पंद पाठविला व नमुन्याच्या कडेजवळचे क्षेत्र पिकोसेकंदागणिक मोजले. क्रांतिक तापमानाच्या वर असलेला नमुना उत्तेजित होताच त्याच्या बाहेरील क्षेत्र वाढले, म्हणजे आतील क्षेत्र बाहेर लोटले गेले. क्षेत्र आधीपासून आत होते, ही या प्रयोगातील कळीची बाब आहे. केवळ आदर्श संवाहक बनलेल्या नमुन्याने ते जागच्या जागी गोठविले असते. परावर्तनाच्या पहिल्या खुणेपासून माइसनरसदृश खुणेपर्यंत या वेळी तेरा वर्षे लागली.

एवढ्याने प्रश्न मिटला असे मात्र म्हणता येत नाही. या ऑक्साइडांत क्रांतिक तापमानाच्या वरही युग्मांचे अवशेष विस्कळीत स्थितीत असावेत, असा एक जुना तर्क आहे. प्रकाश नवी युग्मे घडवितो की असलेल्यांना एका तालावर आणतो, हे निष्कासनाच्या मापनावरून ठरत नाही. आणि दुसरा पर्याय खरा असेल तर ‘प्रेरित’ या शब्दाऐवजी कदाचित ‘सुसंगत केलेली’ असाच शब्द योजावा लागेल. पोटॅशियम-फुलरीनमध्ये तर अशा पूर्वावशेषांची गोष्ट वेगळी असल्याने दोन्ही पदार्थांना एकच उपपत्ती लागू पडेल असे मानण्यास आधार नाही. शिवाय आतापर्यंतच्या प्रयोगांचा मोठा भाग एकाच गटाच्या भोवती फिरतो. हा दोष कोणाचा नव्हे. अशी साधने फार थोड्या ठिकाणी आहेत. पण मुंबईचा १९९४ चा शोध जगाने लगेच स्वीकारला, तो जवळपास त्याच वेळी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतून कावा यांच्या गटाने यिट्रियम, पॅलेडियम, बोरॉन व कार्बन यांच्या संयुगात २३ केल्व्हिनची अतिसंवाहकता स्वतंत्रपणे जाहीर केल्यामुळेही, हे येथे आठवावे.

शिल्लक राहते ती सर्वांत जुनी आणि सर्वांत साधी कसोटी. कॅमर्लिंग ओन्नेस यांनी १९१४ मध्ये शिशाच्या वेटोळ्यात प्रवाह सुरू केला, विद्युत्घट काढून घेतला, आणि प्रवाह तासन् तास तसाच वाहत असल्याचे शेजारच्या चुंबकसूचीवरून दाखवून दिले. प्रकाशाने घडविलेल्या वेटोळ्यात तसा प्रवाह सोडून तो क्षीण होतो की नाही हे पाहायचे, तर ती अवस्था प्रवाह प्रस्थापित होण्यास लागणाऱ्या वेळाच्या कितीतरी पट टिकली पाहिजे. पोटॅशियम-फुलरीनमध्ये २०२१ साली नोंदलेले तिचे आयुष्य काही नॅनोसेकंदांचे आहे, म्हणजे पुण्याच्या रुबी लेसरचा एक स्पंद जितका काळ चाले साधारणतः तितकेच.